सोबत एक नातेवाईक हवाच

मनोरुग्णांच्या वॉर्डात समाजसेविका म्हणून काम करताना मला सगळ्यात जास्त छळलं ते पत्त्यांनी. पेशंट बरा होतो, डॉक्टर घरी सोडा म्हणतात, आणि केसपेपरवरच्या पत्त्यावर धाडलेलं पत्र ‘मालक सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. म्हणून डॉ. थॉमस अदेओये लाम्बो या नायजेरियन मानसोपचारतज्ज्ञाबद्दल वाचताना माझी नजर आधी गेली ती त्यांच्या एका अटीवर: पेशंटबरोबर निदान एक नातेवाईक राहिलाच पाहिजे.

लाम्बो अबेओकुटाचे, जन्म १९२३चा. इंग्लंडात शिकून ते परतले आणि १९५४ मध्ये गावालगतच्या आरो इस्पितळाची सूत्रं त्यांनी हाती घेतली. इमारत अर्धवट होती. मग त्यांनी आसपासच्या खेड्यांतच पेशंट ठेवले. घरं नीटनेटकी करायला गावकऱ्यांना इस्पितळाने कर्ज दिलं, खोल्या भाड्याने घेतल्या. नातेवाइकाने रांधायचं, कपडे धुवायचे, सकाळी पेशंटला इस्पितळात आणायचं, दुपारी परत न्यायचं. तिथे औषधं, विजेचे झटके, सगळं त्या काळचं आधुनिक. उरलेला दिवस चारचौघांत. गावाला भाडं मिळालं, नळाचं पाणी आलं, संडास झाले. मला हा रोकडा व्यवहार फार आवडतो. कुणाच्या दयेवर काही सोडलेलं नाही.

तिथल्या योरुबा समाजातल्या वैदूंनाही त्यांनी कामावर घेतलं. पेशंटांचे सामूहिक कार्यक्रम ते सांभाळत. हे वैदू वेडावर जी मुळी देत, ती आपल्या सर्पगंधेच्याच कुळातली. (आमच्याकडे ‘आधी देवऋष्याकडे नेलं होतं का?’ विचारलं की नातेवाईक खाली बघतात.)

त्याच सुमारास, १९५३ मध्ये, केनियात काम केलेल्या कॅरोथर्स या डॉक्टरांनी आफ्रिकी माणसाच्या मनाची तुलना मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या युरोपियनाशी केली होती. पुस्तक छापलं जागतिक आरोग्य संघटनेने. लाम्बोंनी असली मतं खोडून काढली. कॉर्नेल विद्यापीठाबरोबर योरुबा खेड्यांत पाहणी केली, ती १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे ते त्याच संघटनेचे उपमहासंचालक झाले!

याच संघटनेने स्किझोफ्रेनियाचा नऊ देशांत अभ्यास केला. त्यात नायजेरियातलं इबादान होतं, तसं आपलं आग्राही होतं. दोन वर्षांनी पाहिलं तर या दोन ठिकाणचे पेशंट श्रीमंत देशांतल्या पेशंटांपेक्षा एकंदरीत बरे निघाले. का, यावर अजून वाद चालतो. कुटुंबामुळे, असं अनेक जण म्हणतात. मी जरा जपून बोलेन. पेशंटला साखळीने बांधणारंही कुटुंबच असतं, आणि तीन महिने रोजंदारी बुडवून इस्पितळापाशी राहणं कुणाला परवडतं? आरोची अट उद्या आमच्याकडे लावली, तर कित्येक पेशंट दारातूनच परत जातील. बाकीच्यांबरोबर आई येईल. भाऊ बहुधा येणार नाहीत.