१.०८ की १.८? सातबाऱ्यावरच्या एका शून्याची किंमत पावणेदोन एकर

एरंडोल तालुक्यात शेतकऱ्याला ‘जमीन किती?’ असं विचारलं, की उत्तर एकर-गुंठ्यात येतं. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असतं. गोंधळ इथूनच सुरू होतो.

समजा, उताऱ्यावर १.०८.०० असं क्षेत्र आहे. म्हणजे १ हेक्टर ८ आर. पीकविम्याच्या अर्जात ते हेक्टरमध्ये भरायचंय आणि तोंडी ‘एक हेक्टर आठ आर’ ऐकून कुणी १.८ लिहिलं, तर? १.८ म्हणजे १.८०, अर्थात १ हेक्टर ८० आर. फरक तब्बल ७२ आरचा. एक एकर साधारण ४०.४७ आरचा असतो, म्हणजे पावणेदोन एकरांहून जास्त जमीन फक्त कागदावर वाढली. विम्याचा हप्ता आणि भरपाई हेक्टरी हिशेबाने ठरते, त्यामुळे सातबाऱ्याशी न जुळणारं क्षेत्र पुढे अडचणीचं ठरू शकतं.

मग १.८ मोठं की १.३५?

पस्तीस आठापेक्षा मोठे, म्हणून अनेकांना १.३५ मोठं वाटतं. पण टिंबानंतरचे आकडे ‘पस्तीस’ असे एकत्र वाचायचे नसतात. पहिली जागा दशांशाची, दुसरी शतांशाची. सोपा उपाय म्हणजे शेवटी शून्य लावून दोन्हीकडच्या जागा सारख्या करायच्या: १.८० आणि १.३५. आता १८० आर आणि १३५ आर, उत्तर समोरच आहे. शेवटी लावलेल्या शून्याने किंमत बदलत नाही, मध्ये घातलेल्या किंवा गाळलेल्या शून्याने बदलते. (क्रिकेटमधली ‘४.५ षटकं’ मात्र या नियमात बसत नाहीत. तिथे हिशेब सहा चेंडूंचा असतो.)

सातबाऱ्यावर दोन टिंबं का चालतात? १०० चौरस मीटरचा एक आर आणि १०० आरचा एक हेक्टर. त्यामुळे दुसरं टिंब काढून टाकलं की १.०८०० हा सरळ दशांश अपूर्णांक मिळतो. टिंबानंतरच्या चार जागांवर ० ते ९ यांपैकी कोणताही अंक येऊ शकतो, म्हणजे १० × १० × १० × १० = १०,००० जुळण्या. एका हेक्टरमध्ये चौरस मीटरही बरोबर तेवढेच असतात.

आता १, ० आणि ८ हे तीनच अंक घेऊ. पहिल्या जागेसाठी तीन पर्याय, दुसरीसाठी दोन, तिसरीसाठी एक. एकूण सहा क्षेत्रं: ०.१८, ०.८१, १.०८, १.८०, ८.०१ आणि ८.१०. अंक तेच, पण जमीन अर्ध्या एकराहून कमी ते थेट वीस एकर!

अंकांच्या अशा मांडण्या मोजायची रीत भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’तल्या ‘अंकपाश’ या प्रकरणात दिली आहे. ३, ९, ८ या अंकांपासून किती संख्या होतात, हे त्यातलंच उदाहरण. उत्तर सहा. २ ते ९ हे आठ अंक घेतले, की उत्तर थेट ४०,३२० वर जातं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला होता. त्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यातच, चाळीसगावजवळच्या पाटण इथे सापडला.

अर्ज भरताना क्षेत्र ऐकून नव्हे, तर उताऱ्यावर बघून लिहावं आणि आर एक अंकी असतील तर आधी शून्य टाकावं: ८ आर म्हणजे ०.०८. चूक सातबाऱ्यावरच असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये लेखनातल्या चुकांच्या दुरुस्तीची तरतूद आहे. त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. जुन्या उताऱ्यावर किंवा फेरफारात योग्य क्षेत्र असेल, तर त्याची नक्कल अर्जाला जोडावी.