फाल्गुनातली शर्यत आणि मिनिटाचा हिशोब

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावात पहाटे डांबरी रस्त्यावर कुणी धावताना दिसलं, तर ती बहुधा भरतीची तयारी असते. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत संपवले की पैकीच्या पैकी २० गुण. मराठवाड्यातल्या ग्रामीण तरुणाची धावण्याशी ओळख होते ती या अंतरातून, आणि त्यातून अंगात मुरतं ते एवढंच, की शिट्टी वाजली की सुटायचं आणि धाप लागली तरी सोडायचं नाही. हाफ मॅरेथॉन मात्र २१.०९७५ किलोमीटरची असते. भरतीचं अंतर तेरा वेळा लागोपाठ, वर थोडं उरतंच. ती शर्यत होळीच्या आसपास असेल तर तेराव्या-चौदाव्या किलोमीटरनंतर रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून चालणारे बरेच दिसतात. त्यांना कारण विचारावं, तर पाणी कमी पडलं, नवा बूट चावला, रात्री झोप झाली नाही, शेवटी चढ होता, अशी उत्तरं येतात. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं. तरी या लेखाचं म्हणणं असं, की शेवटी ढेपाळण्याचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या चार किलोमीटरमध्ये असतं. आपल्याकडच्या फाल्गुनात तर त्याला दमापेक्षा उष्णता अधिक जबाबदार असते.

हा हिशोब कुणालाही कागदावर मांडता येतो. सपाट रस्त्यावर धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला किलोमीटरमागे ६० किलोकॅलरी लागतात. स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम २० ते २५ टक्के, त्यामुळे यातल्या ४५ किलोकॅलरी तरी निव्वळ उष्णता होऊन अंगातच राहतात. दुसरीकडे, ६० किलोच्या शरीराचं तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. उष्णता बाहेर जाण्याचे सगळे मार्ग बंद आहेत असं क्षणभर धरलं, तर प्रत्येक किलोमीटरला अंग जवळजवळ एक अंशाने तापेल आणि चौथ्या किलोमीटरला आतला ताप ४० च्या पुढे जाईल. तसं होत नाही, कारण त्वचेकडे रक्त वळतं, घाम सुटतो आणि वारा लागतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. किलोमीटरमागे तयार होणारी उष्णता वेग वाढवला तरी जवळपास तेवढीच राहते. बदलते ती मिनिटामागची उष्णता. सहा मिनिटांना किलोमीटर धावणाऱ्याच्या अंगात मिनिटाला साडेसात किलोकॅलरी उष्णता तयार होते, पाच मिनिटांना धावणाऱ्याच्या अंगात नऊ, आणि चार मिनिटांना धावणाऱ्याच्या अंगात अकराच्या वर. शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची ताकद मात्र मिनिटामागे ठरलेली असते, आणि तिला कमाल मर्यादा आहे. घाम, हवा आणि ऊन मिळून ती मर्यादा ठरवतात. आपण तिच्या वर राहिलो की जादा उष्णता साठत जाते, आणि पुढे वेग कमी केला तरी ती लगेच उतरत नाही.

मग सुरुवातीलाच हे कळत का नाही? पिंपळगाव हे मिरचीच्या बाजाराचं गाव असल्यामुळे याचं उत्तर तिथे सांगणं सोपं आहे. हिरवी मिरची चावली की तोंड भाजतं, कपाळावर घाम येतो, पण तोंडाचं तापमान वाढलेलं नसतं. मिरचीतलं कॅप्सेसिन चेतातंतूंवरच्या टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहकाला चेतवतं. एरवी हाच ग्राहक ४३ अंशांच्या आसपासची खरी उष्णता ओळखतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधून काढला आणि त्या कामासाठी त्यांना २०२१ च्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. मिरचीत जाणीव असते, उष्णता नसते. शर्यतीच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत नेमकं उलटं घडतं. उष्णता तयार होत असते, पण जाणीव नसते. पहाटेची हवा गार असते, त्वचा थंड असते, आजूबाजूला गर्दीचा उत्साह असतो, आणि आतलं तापमान वाढायला काही मिनिटं जावी लागतात. आपल्याला ‘आज पाय हलके आहेत’ असं वाटतं ते याच काळात. तेव्हा पहिल्या टप्प्यातला वेग मनाच्या कौलावर सोडण्यात अर्थ नाही, तो आधी ठरवून घड्याळावर पाळावा लागतो. (शर्यतीच्या आदल्या रात्री ठेचा-भाकरीवर ताव मारू नये, हा सल्ला वेगळ्या कारणासाठी. जोरात धावताना आतड्यांचा रक्तपुरवठा निम्म्याहून खाली जाऊ शकतो आणि मग तिखट पोट शांत राहत नाही.)

नुसत्या आकडेमोडीवर विश्वास ठेवू नये, हे मान्य. प्रत्यक्षातले पुरावेही त्याच बाजूचे आहेत. पॅरिस, लंडन, बर्लिन, बोस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा मॅरेथॉनमधल्या २००१ ते २०१० या काळातल्या १७ लाखांहून अधिक धावांचा अभ्यास फ्रेंच संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. वेळेवर सगळ्यात मोठा परिणाम हवेच्या तापमानाचा दिसला, आणि स्त्री-पुरुषांच्या वेगवेगळ्या गटांसाठी उत्तम तापमान निघालं ३.८ ते ९.९ अंश. मराठवाड्यात एवढा गारठा पौषातल्या एखाद्या कडाक्याच्या पहाटेच पडतो, फाल्गुनात कुठला? त्याआधी २००७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं होतं, की उष्मा वाढत जातो तसे सगळेच मंदावतात, पण मागून धावणारे हौशी लोक आघाडीच्या खेळाडूंपेक्षा जास्त मंदावतात. त्यांचा रस्त्यावरचा वेळच जास्त असतो. पहिला येणारा ऊन चढायच्या आत घरी जातो. अडीच तास घेणारा मात्र मार्चच्या मध्याला साडेसहाला, म्हणजे जवळपास सूर्योदयाला सुटला, तर नऊ वाजताच्या उन्हात शेवटचे किलोमीटर काढत असतो. २०१९ च्या दोहा इथल्या जागतिक स्पर्धेत तर महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सोडली होती. तरीही ३० अंशांवरच्या दमट हवेत ६८ पैकी फक्त ४० जणी अंतिम रेषेपर्यंत पोचल्या, आणि त्या जगातल्या निवडक धावपटू होत्या.

यावर पहिला आक्षेप गावातूनच येईल, आणि तो रास्त आहे. आम्ही मे महिन्यात ४२ अंशांत शेतात राबतो, आम्हाला फाल्गुनाच्या सकाळची काय भीती? शरीराला उष्णतेची सवय होते, यात शंका नाही. दहा ते चौदा दिवस उन्हात रोज कष्ट केले की रक्तातला द्रव भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पण ही सवय कायमची नसते. उन्हातले कष्ट थांबले की तीन-चार आठवड्यांत ती बरीचशी ओसरते. म्हणजे गेल्या मे महिन्यात कमावलेली सवय पावसाळा आणि हिवाळा ओलांडून माघ-फाल्गुनापर्यंत टिकत नाही. ऊन उन्हाळ्याचं आणि शरीर अजून हिवाळ्याचं, अशी ती गाठ असते. त्यामुळे मार्चमधले ३० अंश धावणाऱ्याला मेमधल्या ३० अंशांपेक्षा महाग पडतात. (पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. त्या महिन्यांत जालना जिल्ह्यात शर्यत ठेवण्याचा विचारही कुणी करू नये.) शिवाय धावण्याचा कष्ट आणि खुरपणीचा कष्ट एक नाही. शेतात माणूस आपसूक हात आवरता घेतो, बांधावर टेकतो, सावली बघतो. शर्यतीत हा शहाणपणा तो स्वतःहून बाजूला ठेवतो.

कोरड्या हवेचा मुद्दा मात्र आपल्या बाजूने आहे. मुंबईत दमट हवेमुळे घाम निथळतो, बनियन भिजून अंगाला चिकटतं, पण घाम वाळत नाही, म्हणून तो फुकट जातो. अजिंठ्याच्या डोंगररांगेखालच्या या पट्ट्यात फाल्गुनातली हवा इतकी कोरडी, की घाम येताच उडून जातो आणि आपलं काम करून जातो. तोटा असा, की तो दिसत नाही. कानशिलावर आणि टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटते तेव्हाच किती पाणी गेलं ते ध्यानात येतं. इथेच लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि दिसेल त्या टेबलावर ग्लासामागून ग्लास रिचवतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीच्या खाली आलेलं होतं. अति पाणी पिऊन धावताना वजन वाढलेल्यांमध्ये हे प्रमाण विशेष होतं. तेव्हा तहान लागेल तसं, घोट-घोट प्यावं. शिवाय पाणी घामाचा साठा भरून काढतं, पण मिनिटाला तयार होणारी उष्णता कमी करत नाही. ती फक्त वेग कमी केल्याने कमी होते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. मोठे खेळाडू सुरुवातीपासून जोरातच जातात ना? बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे याने २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. ६१ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. किलोमीटरला सरासरी २ मिनिटं ५२ सेकंद पडतात. भरतीत पूर्ण गुण मिळवून देणारा वेग किलोमीटरला ३ मिनिटं १४ सेकंदांचा, म्हणजे साबळे त्याहून वेगाने २१ किलोमीटर गेला. पण ही शर्यत २९ नोव्हेंबरची, दिल्लीच्या थंडीतली. मराठवाड्याच्या या मुलाची सर्वोत्तम वेळ मराठवाड्याच्या हवामानात लागलेली नाही. वेगाच्या वाटणीबाबत म्हणावं तर केल्विन किप्टुमने ८ ऑक्टोबर २०२३ ला शिकागोत २ तास ३५ सेकंदांचा मॅरेथॉन विक्रम केला, तेव्हा पहिला अर्धा भाग ६० मिनिटं ४८ सेकंदांत आणि दुसरा ५९ मिनिटं ४७ सेकंदांत गेला. उलट उदाहरणही आहे. एलिउड किपचोगेने २०२२ मध्ये बर्लिनला २:०१:०९ चा विक्रम केला तो पहिला भाग एका तासाच्या आत काढून, आणि नंतर तो मंदावला. पण केवढा? दीडेक मिनिटाने. तेही पूर्ण ४२ किलोमीटरमध्ये आणि सप्टेंबरच्या बर्लिनमध्ये. हौशी धावपटूचं मंदावणं सेकंदांत मोजण्यासारखं नसतं. अमेरिकेतल्या १४ मॅरेथॉनमधल्या जवळपास ९२ हजार धावांच्या एका अभ्यासात दुसऱ्या अर्ध्यात पुरुष सरासरी १५.६ टक्के मंदावले आणि स्त्रिया ११.७ टक्के. हा फरक नुसत्या शरीररचनेचा नाही. सुरुवातीचा वेग निवडताना पुरुष अधिक धाडस करतात, हेही त्याचं एक संभाव्य कारण संशोधकांनी मांडलं. गावच्या शर्यतीत सुटल्या सुटल्या पुढे कोण पळतं, हे पाहिलेल्यांना त्याचं नवल वाटणार नाही.

एक शंका साखरेची असते. शेवटी पाय गळाठतात ते अंगातली साखर संपल्यामुळे, असं पुष्कळांना वाटतं आणि मग जेलच्या पुड्या खिशात कोंबल्या जातात. स्नायू आणि यकृतात मिळून साधारण १६०० ते २००० किलोकॅलरींचा ग्लायकोजेन साठा असतो. ६० किलोच्या माणसाला हाफ मॅरेथॉनला सुमारे १२७० लागतात, आणि त्यातला काही भाग चरबीतून येतो. बेताच्या वेगाने धावणाऱ्याचा साठा संपण्याचं कारण नाही. पण सुरुवात वेगाची झाली तर साखर जळण्याचं प्रमाणही वाढतं, म्हणजे इथेही दोर पहिल्या टप्प्याकडेच जातो.

मग करायचं काय? समजा, एखाद्याला जानेवारीच्या गारव्यात किलोमीटरला साडेपाच मिनिटं झेपतात. फाल्गुनात त्याने पहिले चार किलोमीटर पावणेसहाने काढले, तर त्याचं नुकसान होतं एक मिनिट. साडेपाचने किंवा उत्साहात सव्वापाचने सुटला आणि शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये दर किलोमीटरला एक मिनिट गमावलं, तर जातात पाच मिनिटं. सौदा उघड आहे. शर्यतीनंतर कुठे चुकलं हे शोधायचं, तर घड्याळातला प्रत्येक किलोमीटरचा वेळ वरून खाली वाचावा. पहिले तीन-चार आकडे बाकीच्यांपेक्षा ठळकपणे लहान असतील, तर बुटांना आणि झोपेला दोष देण्याआधी तिथे बोट ठेवावं. भरतीच्या मुलांना हे जड जाईल, कारण लोक पुढे जात असताना मागे राहणं त्यांच्या शिकवणीच्या विरुद्ध आहे.

आयोजकांवरची जबाबदारी याहून मोठी आहे. मुंबईची हाफ मॅरेथॉन जानेवारीत असूनही अंधारात सुटते. जालना जिल्ह्यात मार्चमध्ये शर्यत ठेवायची तर ती पाच-साडेपाचलाच सुटायला हवी, पाहुण्यांची भाषणं आणि सत्कार नंतर उरकावेत. आणि अंतिम रेषेजवळ रुग्णवाहिकेइतकाच गरजेचा एक पाण्याने भरलेला हौद किंवा जनावरांना पाणी पाजायची मोठी टाकी हवी, सोबत बर्फाच्या लाद्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फॅल्मथची शर्यत ऑगस्टमध्ये असते आणि जेमतेम ११.३ किलोमीटरची. तरी १८ वर्षांत तिथे उष्माघाताचे २७४ रुग्ण झाले, कारण अंतर कमी म्हणून लोक जोरात धावतात. ते सगळे वाचले, कारण त्यांना जागेवरच गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवलं गेलं. आधी थंड करायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं, हा तिथला क्रम. धावणारा झोकांड्या खात असेल, असंबद्ध बोलत असेल, नाव विचारल्यावर चिडत असेल, तर त्याच्या अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नये. धावताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असतो. त्याला सावलीत निजवून कांदा हुंगवण्यात मिनिटं घालवू नयेत. दोघांनी काखेत धरून थेट हौदात बसवावं, डोकं पाण्याबाहेर धरावं, पाणी ढवळत राहावं आणि तोवर तिसऱ्याने १०८ ला फोन लावावा.