दिवा लहान, पण कळ कोणती?

शाळेच्या फाटकावरचा दिवा अंधार पडताच आपोआप लागावा. अंडी उबवण्याची पेटी पुरेशी तापली की तिच्यातला दिवा आपोआप विझावा. असे प्रयोग आपले विद्यार्थी विज्ञान प्रदर्शनासाठी करतात. अंधार किंवा ऊब ओळखणारे मंडल बहुधा ५ व्होल्टवर चालते. दिवा मात्र २३० व्होल्टवर. तेव्हा ५ व्होल्टच्या हुकमाने २३० व्होल्टची वीज सोडणारी आणि तोडणारी कळ मधे हवी. स्वस्तातल्या दोन कळा बाजारात मिळतात : रिले आणि ट्रायॅक. मग घ्यायची कोणती?

आधी रिले पाहू. याच्या पोटात तारेचे वेटोळे असते. त्यातून प्रवाह गेला की त्याचे लोहचुंबक होते, ते लोखंडी पट्टी ओढून घेते आणि 'टक्' असा आवाज होऊन सांधा जुळतो. वेटोळे एकीकडे, दिव्याची वीज दुसरीकडे. दोहोंचा तारेने संबंध नाही. हा रिलेचा मोठा गुण. ५ व्होल्टच्या लहान रिलेला सुमारे ७० मिलिअँपियर प्रवाह लागतो, म्हणून तो ट्रान्झिस्टरकडून चालवावा. वेटोळ्यावर एक डायोड उलटा जोडायला विसरू नये. नाही तर प्रवाह तुटताक्षणी वेटोळे जो झटका देते, त्याने ट्रान्झिस्टर जळतो.

रिलेचा दोष एकच : सांधा झिजतो. पूर्ण भारावर तो साधारणपणे १ लाख वेळा काम देतो. फाटकावरचा दिवा दिवसातून एकदाच लागतो आणि विझतो; तिथे झिजेची काळजी नको. पण उबवणीच्या पेटीतला दिवा दर मिनिटाला लागू-विझू लागला तर? दिवसाचे १,४४० वेळा झाले. कोंबडीच्या अंड्यांना २१ दिवस लागतात, म्हणजे एका खेपेलाच तीस हजारांवर! भार कमी असला तर सांधा अधिक टिकतो हे खरे, पण इथे ट्रायॅकच बरा.

ट्रायॅक हा सिलिकॉनचा. त्यात हलणारा भाग नाही, म्हणून झीज नाही. बी.टी. १३६ हा सामान्य ट्रायॅक ४ अँपियरचा आहे. ६० वॅटच्या तारेच्या दिव्याला पाव अँपियरच लागतो. मात्र त्याच्यामागे ऑप्टोकपलर हवाच. तो हुकूम प्रकाशाच्या रूपाने पलीकडे पोचवतो. तो वगळून चार पैसे वाचवाल, तर ५ व्होल्टची बाजू थेट घरच्या विजेला जोडली जाईल आणि तिला हात लावणाऱ्या मुलाच्या जिवावर बेतेल.

ट्रायॅकलाही खोडी आहेत. चालू राहायला त्याला काही मिलिअँपियर प्रवाह सतत लागतो, आणि बंद असतानाही त्यातून थोडी वीज झिरपते. म्हणून चार-पाच वॅटचा एल.ई.डी. दिवा त्यावर लुकलुकतो, किंवा विझूनही मंद तेवत राहतो. अशा दिव्याला रिलेच चांगला.

शिवाय ट्रायॅक बिघडला की बहुधा कायमचा चालूच राहतो. उबवणीच्या पेटीत याचा अर्थ अंडी शिजली! तेव्हा फार तापताच वीज तोडणारा वेगळा थर्मोस्टॅट मार्गात घालावा.

थोडक्यात, किमतीआधी दोन गोष्टी विचारा : दिवा दिवसातून किती वेळा लागणार, आणि तो किती वॅटचा?

शिक्षकांनी रिलेचा प्रयोग आधी १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि तिच्याच दिव्यावर करून घ्यावा. घरच्या विजेची जोडणी जाणत्या वायरमनकडून, फ्यूजसह, बंद पेटीत करावी. कळ नेहमी फेजच्या तारेत असावी. आणि दिवा विझलेला दिसला म्हणून होल्डरला हात लावू नये. आधी प्लग काढावा, मगच हात घालावा. रिले असो वा ट्रायॅक, प्लग काढण्याची जागा कुणीच घेऊ शकत नाही.