सील शाबूत, माल गायब

न्हावा शेव्याकडे निघालेल्या कंटेनरच्या दाराला बोटभर जाड पोलादी बोल्ट सील असतं. त्यावर क्रमांक आणि भक्कम दर्जाची खूण म्हणून 'एच' हे अक्षर. तोडायचं तर बोल्टकटरच हवा. पण मुरलेला चोर सीलला हातच लावत नाही! तो दाराच्या दांड्याचा रिव्हेट काढतो, सीलसकट दांडा बाजूला सारतो, माल उतरवतो आणि नवा रिव्हेट ठोकून वर रंग फासतो. २०१७ साली कस्टम्सने कारखान्यातच सीलबंद होणाऱ्या निर्यात कंटेनरसाठी आरएफआयडी ई-सील आणलं. त्याच्याशी छेडछाड झाली की स्कॅनरवर कळतं. रिव्हेटचं मात्र त्यालाही कळत नाही. तेव्हा गेटवर नुसता क्रमांक जुळवू नये. रिव्हेटवर बोट फिरवावं, ताजा रंग लागतोय का बघावं, वजनकाट्याची पावतीही ताडावी.