पोप पहिला कॅलिक्स्टस

मित्रानें लिहिलेल्या चरित्रांत गुणांची गर्दी होते आणि शत्रूनें लिहिलेल्या चरित्रांत दोषांची. रोमचा पोप पहिला कॅलिक्स्टस याची जी तपशीलवार हकीकत आज उपलब्ध आहे, ती शत्रूच्याच लेखणींतून उतरलेली आहे. १८४२ सालीं अ‍ॅथॉस पर्वतावर एका प्राचीन ग्रीक ग्रंथाचें हस्तलिखित सांपडलें. पाखंडमतांचें खंडन हा त्याचा विषय. रोममधील विद्वान धर्मोपदेशक हिप्पोलिटस हा त्याचा कर्ता, असें बहुतेक पंडित मानतात. हा हिप्पोलिटस कॅलिक्स्टसचा समकालीन व कट्टर प्रतिस्पर्धी होता.

या ग्रंथाप्रमाणें कॅलिक्स्टस हा कार्पोफोरस नांवाच्या एका ख्रिस्ती गृहस्थाचा गुलाम. धन्याच्या भांडवलावर त्यानें रोमांत पेढी घातली. विधवांनीं व इतर ख्रिस्ती बांधवांनीं तेथें ठेवी ठेविल्या. त्या सर्व बुडाल्या. कॅलिक्स्टस बंदरावर पळाला व गलबतावर चढला. धनी येत आहे असें पाहतांच त्यानें समुद्रांत उडी टाकली. परंतु खलाशांनीं त्याला बाहेर काढलें आणि शिक्षा म्हणून त्याला जात्याला जुंपण्यांत आलें. पुढें यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरांत दंगा केल्याच्या आरोपावरून फटके मारून त्याची सार्डिनिया बेटावरील खाणींत रवानगी झाली. सम्राट कोमोडसची उपपत्नी मार्सिया हिच्या मध्यस्थीनें तेथील ख्रिस्ती कैदी सुटले. त्यांत तोहि सुटला.

पोप झेफिरिनसनें त्याच्याकडे दफनभूमीची व्यवस्था सोंपविली. आपियन मार्गालगतच्या त्या भुयारी दफनभूमीला अद्यापिहि कॅलिक्स्टसचेंच नांव आहे. इ. स. २१७ च्या सुमारास झेफिरिनस वारला आणि एके काळचा हा गुलाम रोमचा धर्माध्यक्ष झाला.

येथून खरा वाद सुरू होतो. व्यभिचारासारखें घोर पाप केलेल्या ख्रिस्ती मनुष्यास पुनः मंडळींत घ्यावें कीं नाहीं, याविषयीं त्या काळीं तीव्र मतभेद होता. कॅलिक्स्टसनें पश्चात्ताप करणाऱ्यांस क्षमेचें दार उघडलें. शेतांतील तण कापणीपर्यंत गव्हाबरोबर वाढूं द्यावें, हा ख्रिस्ताचा दृष्टांत त्यानें आधारास घेतला. आणि नोहाच्या तारवांत शुद्ध व अशुद्ध अशा दोन्ही प्राण्यांना जागा मिळाली होती, याचें स्मरण दिलें. उच्च कुळांतील स्त्रीचा गुलामाशीं झालेला संबंध रोमन कायदा विवाह मानीत नसे; कॅलिक्स्टसनें त्यासहि मान्यता दिली. हिप्पोलिटसला हा सर्व अनाचार वाटला. त्यानें वेगळा गट काढला.

आरोपपत्र म्हणून लिहिलेल्या या मजकुरांतच कॅलिक्स्टसचें मोठेपण दडलेलें आहे. ठेवी बुडविलेला, फटके खाल्लेला, खाणींत राबलेला मनुष्य क्षमेची किंमत जाणत असल्यास नवल नाहीं. २२२ च्या सुमारास त्याचा अंत झाला. पण त्याचा प्रश्न मागें उरला. २५० सालीं सम्राट डेसियसच्या छळांत अनेक ख्रिस्ती डळमळले, तेव्हां पोप कॉर्नेलियसनें प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घेतलें. पुढें चर्चनें हाच मार्ग पत्करला.

हिप्पोलिटसचा शेवटहि लक्षांत घेण्याजोगा आहे. परंपरा सांगते कीं, २३५ सालीं त्याला पोप पॉन्टियनबरोबर त्याच सार्डिनियाला हद्दपार करण्यांत आलें आणि मृत्यूपूर्वीं त्यानें चर्चशीं समेट केला. आज चर्च दोघांनाहि संत मानतें. हिप्पोलिटसचा स्मरणदिन १३ ऑगस्ट, कॅलिक्स्टसचा १४ ऑक्टोबर. जें दार उघडण्यास हिप्पोलिटसनें विरोध केला, त्याच दारांतून अखेर त्यालाहि आंत घेण्यांत आलें.