शेजारी राष्ट्रांतील अल्पसंख्याक आणि १९५० चा दिल्ली करार

एखाद्या राज्यातील अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयी शेजारच्या राज्याने वचन मागावे काय, आणि ते पाळले न गेल्यास दाद कोठे मागावयाची, हा आंतरराष्ट्रीय विधिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. ठाणे जिल्ह्यातील अभ्यासकास त्याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. माजिवड्याहून कल्याणकडे निघाल्यास काही कोसांवर उल्हासनगर लागते. महायुद्धकाळातील लष्करी छावणीत सिंधमधील हिंदू निर्वासितांना आश्रय मिळाला व ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेथे नव्या नगराची कोनशिला बसली. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे या इलाख्याचे रहिवासी अवघ्या एका तपात आधी वेगळ्या प्रांताचे, मग नव्या राष्ट्रातील अल्पसंख्याक आणि अखेर निर्वासित ठरले.

अशा समाजांच्या रक्षणाचा एक मार्ग पहिल्या महायुद्धानंतर अवलंबिला गेला. १९१९ च्या करारान्वये पोलंडने आपल्या अल्पसंख्याकांना हक्क दिले व त्यांची हमी राष्ट्रसंघाकडे सोपविली. परंतु १९३४ मध्ये पोलंडनेच या देखरेखीशी सहकार्य नाकारले, आणि हमीदारापाशी उपाय उरला नाही.

दुसरा मार्ग ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत कराराचा होय. त्याने उभय देशांतील अल्पसंख्याकांना समान नागरिकत्व, जीवित, मालमत्ता व संस्कृती यांची सुरक्षितता, आणि सार्वजनिक जीवनात समान संधी मान्य केली. तथापि, त्यातील एक तत्त्व विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे: अल्पसंख्याकांची निष्ठा स्वतःच्या राज्याशी असावी व गाऱ्हाण्यांची दादही त्यांनी स्वतःच्याच सरकारकडे मागावी. सार्वभौमत्वाच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु त्यामुळे हक्क दोन राष्ट्रांनी मान्य केला, तरी उपाय एकाच राष्ट्राच्या हाती राहिला. शिवाय, मंत्री व अल्पसंख्याक आयोग यांची विशेष यंत्रणा मुख्यतः पूर्व व पश्चिम बंगाल, आसाम आणि त्रिपुरा यांच्यासाठी होती. सिंधला तिचा लाभ नव्हता.

उपायाच्या बाबतीत दोन्ही देशांची स्थितीही सारखी नव्हती. करार झाला तेव्हा भारताचे संविधान अमलात आले होते, आणि त्याच्या ३२ व्या अनुच्छेदाने मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडले होते. पाकिस्तानकडे त्या वेळी १९४९ चा उद्दिष्टांचा ठराव तेवढा होता; त्याचे पहिले संविधान १९५६ मध्ये आले. अर्थात संविधानातील कलमही आपोआप अमलात येत नाही. मात्र त्याच्या आधारे नागरिकास न्यायालयात उभे राहता येते, तसे करारातील वचनाच्या आधारे राहता येत नाही.

पुढील इतिहास याची साक्ष देतो. १९८५ मध्ये पाकिस्तानात स्वतंत्र मतदारसंघ लागू झाले. त्यामुळे सर्वसाधारण जागेवरील उमेदवारास हिंदू वा ख्रिस्ती मताची गरजच उरली नाही, आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकण्याचे राजकीय कारणही संपले. संयुक्त मतदारसंघ २००२ मध्ये परत आले. हिंदू विवाहांच्या नोंदणीचा कायदा सिंध प्रांतात २०१६ मध्ये, तर केंद्रीय पातळीवर २०१७ मध्ये झाला. तोवर पत्नीस वा विधवेस आपले नाते कागदोपत्री सिद्ध करणे कठीण जात असे. ही सुधारणा शेजारी राष्ट्राशी झालेल्या करारातून आली नाही. ती त्या देशाच्याच विधिमंडळांतून आली.

देश सोडून आलेल्यांचा प्रश्न निराळा आहे. सिंधमधून आलेल्यांना संविधानाच्या ६ व्या अनुच्छेदाने नागरिकत्वाची वाट मोकळी केली. त्यांच्या भाषेस मात्र आठव्या अनुसूचीत १९६७ मध्ये स्थान मिळाले. ज्या भाषेला स्वतःचे राज्य नाही, तिला हक्क मिळूनही मान्यतेसाठी थांबावे लागले. भारताचा २०१९ चा नागरिकत्व सुधारणा कायदाही ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या ठरावीक समुदायांपुरताच आहे. त्याच्या इष्टानिष्टतेविषयी कोणतेही मत असले, तरी तो आश्रयाचा कायदा आहे. तिकडे राहिलेल्यांच्या हक्कांत त्याने भर पडत नाही.

आणि राहिलेले पुष्कळ आहेत. कराचीत आजही मराठी कुटुंबे गणेशोत्सव साजरा करतात. त्यांच्या दृष्टीने शेजारी राष्ट्राची सहानुभूती मोलाची असली, तरी निर्णायक नव्हे. तेथील मतपेटीत त्यांच्या मताला किंमत आहे काय आणि तेथील न्यायालय त्यांचा अर्ज ऐकते काय, या दोन कसोट्यांवरच त्यांचे हक्क तपासले पाहिजेत. सीमेच्या अलीकडील अल्पसंख्याकांनाही हीच कसोटी लावणे न्यायाचे होईल.