कमाई कुणाची, कर्ज कुणाचं?

गेल्या वर्षी माझ्या मामेभावाने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. त्याचा पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात 'मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी'च्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळत होता. स्क्रीनशॉटमध्ये दोनच आकडे होते : पदवीनंतरची वार्षिक कमाई आणि पदवीसाठीचं कर्ज. कमाई कर्जाच्या दुपटीहून जास्त. खाली त्याने लिहिलं होतं, "दादा, तू स्टॅटिस्टिक्सवाला. सांग, लोन काढू ना?" मामा घर तारण ठेवायला तयार होते.

मी लगेच उत्तर दिलं नाही. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर तुम्हीही देऊ नका. दुसऱ्याने काढलेला आकडा हाती आला की आधी त्याची चौकशी करायची. आम्ही दोघांनी ती कशी केली, ते सांगतो.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं 'कॉलेज स्कोअरकार्ड' नावाचं माहितीभांडार आहे. २०१९ पासून त्यात कॉलेजनुसार तर सोडाच, अभ्यासक्रमानुसारही कमाई आणि कर्जाचे आकडे मिळतात. दोन्ही आकडे मीडियन असतात, म्हणजे शाळेत शिकलेला मध्यक : निम्मे लोक त्याच्या वर, निम्मे खाली. माहिती सरकारी नोंदींवरून घेतलेली असते, लोकांना विचारून नाही. म्हणजे स्रोत भक्कम आहे. अडचण स्रोताची नव्हतीच. अडचण होती ती आकड्यात कोण मोजलंय याची.

पहिला प्रश्न : ही पदवी नेमकी कोणती?

अमेरिकेत प्रत्येक विद्याशाखेला एक सांकेतिक क्रमांक असतो. मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा क्रमांक १४.१९. मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीचा १५.०८०५. नावात एका शब्दाचा फरक, पण कुटुंबच वेगळं. पहिल्या पदवीत गणित आणि सिद्धांतावर भर, दुसरीत प्रयोगशाळा, उत्पादन आणि प्रत्यक्ष वापरावर. 'एबेट' या मान्यता देणाऱ्या संस्थेतही दोन्हींसाठी वेगवेगळे आयोग आहेत. 'प्रोफेशनल इंजिनिअर' हा परवाना हवा असेल तर टेक्नॉलॉजीवाल्यांना काही राज्यांत जास्त वर्षांचा अनुभव लागतो, आणि काही राज्यांत तो मार्ग बंदच आहे.

त्यात आणखी एक मेख. स्कोअरकार्ड पहिल्या चार अंकांवर थांबतं, म्हणजे १५.०८ वर. या गटात ऑटोमोटिव्ह आणि एरोस्पेस टेक्नॉलॉजीसुद्धा येतात. एखाद्या कॉलेजात यातले दोन अभ्यासक्रम असतील, तर तुम्ही बघताय तो आकडा दोघांची खिचडी असतो.

दुसरा प्रश्न : कमाई कुणाची?

सगळ्या पदवीधरांची नाही. ज्यांनी केंद्र सरकारची शैक्षणिक मदत घेतली, मग ती अनुदान असो वा कर्ज, त्यांचीच. त्यातूनही ज्यांची काहीच कमाई नाही ते आणि जे पुढे शिकतायत ते वगळलेले. म्हणजे बेकार राहिलेला माणूस शून्य म्हणून धरला जात नाही, तो यादीतूनच जातो. आकडा त्यामुळे थोडा वर सरकतो.

आता मामेभावाचा विचार करा. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला ही केंद्रीय मदत मिळत नाही. म्हणजे तो या आकड्यात नाही, आणि त्याच्यासारखा एकही जण नाही. ज्या गटाचा मध्यक बघून तो घर तारण ठेवायला निघाला होता, त्या गटात त्याला जागाच नव्हती!

तिसरा प्रश्न : कर्ज कुणाचं, आणि कोणतं?

कर्जाचा मध्यक फक्त कर्ज घेणाऱ्यांचा असतो. म्हणजे कमाईचा गट वेगळा आणि कर्जाचा वेगळा. दोन वेगळ्या गटांचे मध्यक एकमेकांशेजारी ठेवून भागाकार केला, की एकाच माणसाची गोष्ट वाचतोय असं वाटतं. तसं नसतं.

दुसरं असं की, हा आकडा मुळातच छताला टेकलेला आहे. पालकांवर अवलंबून असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला केंद्राकडून सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दर वर्षी ७,५०० पर्यंतच कर्ज मिळतं. चार वर्षांची बेरीज २७,००० आणि एकूण मर्यादा ३१,०००. शिक्षण कितीही महाग असो, त्याच्या नावावरचं केंद्रीय कर्ज याच्या वर जात नाही. उरलेली रक्कम पालकांच्या नावे कर्ज काढून किंवा खासगी बँकेकडून येते. पालकांचं कर्ज वेगळं मोजलं जातं, खासगी कर्ज मोजलंच जात नाही. महाग कॉलेज आणि स्वस्त कॉलेज यांचं 'कर्ज' सारखंच दिसलं, तर त्यामागे हेही कारण असू शकतं.

चौथा प्रश्न : भागाकार कशाने करायचा?

एकूण कर्ज आणि एका वर्षाचा पगार यांची तुलना सोपी आहे, पण फेडायचे असतात हप्ते. अमेरिकन शिक्षण खात्याने २०१४ आणि २०२३ च्या नियमांत हेच माप वापरलं : वर्षभराचे हप्ते वार्षिक कमाईच्या ८ टक्क्यांच्या आत हवेत, किंवा जगण्याचा किमान खर्च वजा केल्यावर उरणाऱ्या कमाईच्या २० टक्क्यांच्या आत.

एक काल्पनिक उदाहरण करून बघू. २७,००० डॉलर कर्ज, व्याज ५.५ टक्के, मुदत १० वर्षं. हप्ता महिना सुमारे २९३ डॉलर, वर्षाला साधारण ३,५००. पगार ६०,००० धरला तर ५.९ टक्के. छान! आता पालकांनी काढलेले ३३,००० त्यात मिळवा आणि व्याजदर तोच ठेवा. कर्ज झालं ६०,०००, हप्ता ६५१, प्रमाण १३ टक्के. पदवी तीच, पगार तोच. बदललं एवढंच की आपण सगळं कर्ज मोजलं.

मग आम्ही मामेभावाचा हिशेब मांडला, त्याच्या स्वतःच्या आकड्यांवर. लागणार होते ४० लाख. एवढ्या रकमेला आपल्याकडची बँक तारण मागते. व्याज १० टक्के, तीन वर्षं शिक्षण आणि त्यानंतर एक वर्ष हप्त्यांना सवलत. पैसे दर वर्षी समान उचलले आणि व्याज सरळ धरलं, तरी पहिला हप्ता भरेपर्यंत १२ लाख व्याज साठतं. कर्ज ५२ लाख. पुढची १० वर्षं महिना सुमारे ६८,७०० रुपये.

तिकडे डॉलरमध्ये नोकरी लागली तर हे झेपतं. पण 'लागली तर' यावर सगळं उभं आहे. पदवीनंतर एक वर्ष आणि वाढवून मिळाली तर आणखी दोन वर्षं काम करता येतं. पुढे एच-१बी व्हिसासाठी नोकरी अशी हवी, जिला साधारणपणे पदवी लागतेच. अमेरिकन श्रम खात्याच्या नोंदीत मेकॅनिकल टेक्नॉलॉजिस्ट आणि टेक्निशियन यांच्या कामाला सहसा दोन वर्षांची असोसिएट पदवी पुरते. म्हणजे हुद्दा 'इंजिनिअर' असा मिळाला नाही, तर व्हिसाची वाट अवघड. आणि परत यावं लागलं तर ६८,७०० चा हप्ता चाकणच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या बहुतेक इंजिनिअरच्या हातात पडणाऱ्या पगाराहून मोठा आहे.

मी त्याला जा किंवा नको जाऊ, असं काहीच सांगितलं नाही. एका कागदावर दोन रकाने केले, 'तिथे राहिलो तर' आणि 'परत आलो तर', आणि तो कागद मामांसमोर ठेवायला सांगितला. मामांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "मग त्या फोटोतला आकडा खोटा होता का रे?"

खोटा नव्हता. तो दुसऱ्यांचा होता.

भावाने शेवटी इथेच इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. हे बरोबर झालं की नाही, ते पाच-सात वर्षांनी कळेल. तुम्ही मात्र एक सवय आजच लावून घ्या. पेपर वाचताना कुठलंही गुणोत्तर दिसलं, की वहीत दोन ओळी लिहा : अंशात कोण आहे, छेदात कोण आहे. आणि तिसरी ओळ : मी यात आहे का? प्रबंधाला पहिल्या दोन ओळी पुरतात. घर तारण ठेवण्याआधी तिसरीही लागते.